लसणानं पुरुषाचं हार्मोन वाढतं का? स्वतःवर तपासायचं तर हा क्रम धरा

बेळगावच्या शहापुरातल्या आमच्या रक्ततपासणीच्या कलेक्शन सेंटरवर आठवड्यातून एकदा तरी हे होतंच. तिशी-पस्तिशीतला माणूस दुपारी चारच्या सुमाराला येतो, बाकावर दुसरं कोणी नाही बघून हळूच म्हणतो, "दोन महिने झालं, रोज आठ पाकळ्या लसूण खायलोय. आता टेस्टोस्टेरॉन, ते पुरुषाचं हार्मोन, किती झालंय बघायचं होतं." मी विचारतो, लसूण सुरू करायच्या आधी एकदा केलं होतं काय? नाही. जेवण झालंय? होय की, आत्ताच. काल रात्री झोप किती? रात्रभर उसाला पाणी पाजत होतो, थ्री-फेज लाईट रात्रीच असते की.

अशा वेळी रक्त काढलं तर कागदावर आकडा येईल, पण त्यातून लसणाबद्दल काहीच कळणार नाही. पैसे जातात ते जातात, वर आकडा कमी आला की माणूस महिनाभर मनातल्या मनात कुढत बसतो, बायकोशीही बोलत नाही. म्हणून सगळा क्रम एकदा लिहून काढला. लसूण खायचाच असेल आणि त्याचा हार्मोनवर परिणाम होतो का हे बघायचंच असेल, तर पहिल्या टप्प्यापासून चला. मधला टप्पा गाळला की पुढचं सगळं वाया जातं.

## सुरू करण्याआधी एवढं डोक्यात असू द्या

जेवणातला लसूण खाऊन माणसाच्या रक्तातलं टेस्टोस्टेरॉन वाढतं, असं खात्रीनं म्हणावं इतका पुरावा माणसांवरच्या अभ्यासांतून मिळालेला नाही. मोबाईलवर जे व्हिडिओ फिरतात त्यांचं मूळ बहुतेक वेळा उंदरांवरच्या प्रयोगांत असतं. जपानी संशोधकांनी २००१ साली छापलेल्या प्रयोगात उंदरांच्या दर १०० ग्रॅम खाद्यात ०.८ ग्रॅम लसूण पावडर घालून ते २८ दिवस खायला दिलं. ज्यांना प्रथिनं भरपूर मिळत होती, त्या उंदरांच्या वृषणांत टेस्टोस्टेरॉन जास्त सापडलं. पुढं ट्युनिशियातल्या संशोधकांनी नर उंदरांना महिनाभर कच्चा लसूण दिला, तोही खाद्याच्या ५ ते ३० टक्क्यांपर्यंत. तिथं उलटं झालं. जास्त लसूण मिळालेल्या उंदरांचं टेस्टोस्टेरॉन घटलं आणि शुक्राणू तयार होण्यात बिघाड दिसला.

म्हणजे थोडा लसूण आणि भरपूर लसूण यांचे परिणाम उंदरांतसुद्धा एका दिशेनं जात नाहीत. दिवसाला किलोभर अन्न खाणाऱ्या माणसाच्या ताटात १० टक्के लसूण म्हणजे १०० ग्रॅम होतो, दोन-तीन गड्डे. उंदराचा डोस माणसाला जसाच्या तसा लावता येत नाही, पण "दोन पाकळ्यांनी होत नाही, मग दहा खाऊ" हा विचार किती धोक्याचा आहे ते यावरून ध्यानात यावं.

आणखी एक गोष्ट मी येणाऱ्यांना नेहमी सांगतो. आपल्या चिकोडी, सदलगा, निपाणी पट्ट्यात कितीतरी जैन घरांत पिढ्यान्‌पिढ्या लसूण शिजत नाही. त्या घरांत मुलंबाळं आहेत, शेतात राबणारे दणकट पुरुष आहेत. पुरुषत्वाला लसूण लागतोच, ही भीती आधी मनातून काढा, मग तपासाकडं वळा.

## टप्पा १: तुम्ही यात पडायचं की नाही ते ठरवा

खालीलपैकी काही लागू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय रोजचा कच्चा लसूण सुरू करू नका. भाजी-आमटीच्या फोडणीतल्या लसणाबद्दल हे नाही. औषधासारखा रोज मोजून घ्यायचा लसूण आणि लसणाच्या कॅप्सूल यांच्याबद्दल आहे.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, म्हणजे वॉरफरिन, क्लोपिडोग्रेल किंवा रोजची अ‍ॅस्पिरिन, तर थांबा. लसणानं रक्त गोठण्याची क्रिया मंदावते, दोन्हींचा जोर एकत्र आला की रक्तस्राव वाढू शकतो. हर्निया, हायड्रोसील, मूळव्याध, दाढ काढणं असलं काही ठरलेलं असेल तर किमान सात दिवस आधी लसूण बंद करा आणि आपण तो घेत होतो हे सर्जनला स्वतःहून सांगा. ते विचारणार नाहीत, कारण लसूण कोणी औषधात धरत नाही. एचआयव्हीची औषधं चालू असणाऱ्यांनी लसणाच्या कॅप्सूलपासून लांब राहावं. सॅक्विनॅव्हिर या औषधाचं रक्तातलं प्रमाण अशा कॅप्सूलमुळं निम्म्यावर आल्याचं आढळलं आहे. पोटात व्रण असेल, छातीत सतत जळजळत असेल, तर कच्चा लसूण तुमच्यासाठी नाही.

इशारा: लसूण ठेचून किंवा लसणाचं तेल करून गुप्तांगाला लावायचा सल्ला देणारे लोक गावोगाव आहेत. कधीच लावू नका. ठेचलेल्या कच्च्या लसणानं साध्या हातापायाच्या कातडीलाही भाजल्यासारखे फोड येतात, ती जागा तर कितीतरी नाजूक.

## टप्पा २: तक्रार कागदावर लिहा

"कमजोरी" हा शब्द बाजूला ठेवा. या एका शब्दात आपल्याकडं चार वेगवेगळ्या गोष्टी कोंबलेल्या असतात: इच्छा कमी होणं, ताठरता न येणं, मूल न होणं आणि नुसता थकवा. चारही गोष्टींची वाट वेगळी आहे.

इच्छाच कमी झाली आहे, सकाळी आपोआप येणारी ताठरता बंद पडली आहे, दाढी-अंगावरचे केस विरळ झालेत, अशा तक्रारींत टेस्टोस्टेरॉन बघण्यात अर्थ असतो. इच्छा आहे पण ताठरता टिकत नाही, असं असेल तर हार्मोनच्या आधी साखर आणि बीपी बघा. मधुमेहानं नसा आणि रक्तवाहिन्या खराब होऊन हे होतं, आणि कित्येकांना मधुमेह आहे हे कळतं ते याच तक्रारीमुळं. हृदयाच्या रक्तवाहिन्या आकसत असल्याची ही पहिली खूणही असू शकते. अशा माणसानं सहा महिने लसूण खात वाट बघितली, तर ते सहा महिने तो गमावतो. जीव तुटतो असं बघितलं की. एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर सांगणारी साधी रक्ततपासणी, आधी करून घ्या.

मूल होत नसेल तर वीर्याची तपासणी हवी, नुसतं टेस्टोस्टेरॉन पुरत नाही. ती तपासणी २ ते ७ दिवस संबंध न ठेवता करायची असते. टेस्टोस्टेरॉनच्या रक्ततपासणीला असा कोणताही नियम नाही. लोक या दोन्हींची गल्लत करतात आणि आठवडाभर ब्रह्मचर्य पाळून हार्मोन तपासायला येतात. शिवाय मूल होत नसेल तर नवरा-बायको दोघांची तपासणी एकाच वेळी सुरू व्हावी. आमच्याकडं अजून बायकोची सगळी तपासणी होऊन दोन वर्षं जातात, मग नवरा येतो.

तपासून घ्या: कागदावर तक्रार, ती किती महिन्यांपासून आहे, चालू असलेल्या सगळ्या गोळ्या, वजन आणि कमरेचा घेर एवढं लिहिलेलं असावं. हा कागद शेवटपर्यंत लागणार आहे.

## टप्पा ३: रक्त देण्याची तयारी

सगळ्यात जास्त चुका इथं होतात, म्हणून इथं घाई करू नका.

वेळ: सकाळी ७ ते १०. टेस्टोस्टेरॉन पहाटे-सकाळी सर्वांत जास्त असतं आणि दिवस चढेल तसं उतरतं. तिशी-चाळिशीतल्या पुरुषात सकाळी आठच्या मानानं दुपारी चारला ते २० ते २५ टक्क्यांनी कमी भरू शकतं. म्हणजे लसूण सुरू करायच्या आधी दुपारी तपासलं आणि नंतर सकाळी तपासलं, तर लसूण न खाताही "वाढ" दिसेल. कितीतरी "मला फरक पडला" हे असेच असतात.

पोट: रिकामं. पाणी चालेल, चहा नाही. साखर पोटात गेली की टेस्टोस्टेरॉन तात्पुरतं खाली येतं. ग्लुकोज पाजून केलेल्या अभ्यासात ते सरासरी २५ टक्क्यांनी उतरलं होतं. खानापूर, जांबोटी, कडोलीकडून पहिल्या गाडीनं येणारी मंडळी बसस्टँडवर उतरली की आधी इडली-वडा खातात, मग रिक्षा करून आमच्याकडं येतात. सहा वाजता घरातून निघालेला माणूस भुकेला असणारच, त्याला काय बोलणार? पण खाणं डब्यात ठेवा, रक्त देऊन झाल्यावर बाकावर बसून खा. आम्ही काही म्हणत नाही.

झोप: आदल्या रात्रीची तर हवीच, पण आधीचा आठवडाही नीट झोपेचा हवा. शिकागोतल्या एका अभ्यासात तरुण पुरुषांना आठवडाभर रोज पाचच तास झोपू दिलं, तर त्यांचं दिवसाचं टेस्टोस्टेरॉन १० ते १५ टक्क्यांनी घटलं. उसाच्या पाण्याची पाळी चालू असेल, उद्यमबागेतल्या फाउंड्रीत रात्रपाळी लागली असेल, कारखान्याचा गळीत हंगाम असेल, तर तो आठवडा सोडा. कायमच रात्रपाळी असणाऱ्यांनी आपली झोप झाल्यावर दोन-तीन तासांच्या आत रक्त द्यावं, आणि प्रत्येक वेळी तसंच द्यावं.

व्यायाम: तालमीतून सरळ येऊ नका. जोर-बैठका मारून घामाघूम अवस्थेत दिलेल्या रक्तात आकडा तात्पुरता वर-खाली झालेला असतो. त्या सकाळी तालीम बंद, आदल्या दिवशीही अंग मोडेस्तोवर मेहनत नको.

आजार: ताप, डेंग्यू, चिकुनगुन्या, ऑपरेशन, अपघात यातलं काही नुकतंच झालं असेल तर पूर्ण बरं वाटल्यावर काही आठवडे जाऊ द्या. आजारपणात शरीर हे हार्मोन स्वतःच खाली आणतं.

दारू: आधीचे दोन दिवस तरी नाही.

गोळ्या: केसांसाठी म्हणून बायोटिनच्या गोळ्या खाणारे तरुण आता खूप आहेत. बऱ्याच मशिनच्या तपासणी-पद्धतीत बायोटिनमुळं टेस्टोस्टेरॉनचा आकडा खोटाच जास्त दिसू शकतो. किमान तीन दिवस आधी बंद ठेवा आणि रक्त घेणाऱ्याला सांगा. प्रेडनिसोलोनसारखी स्टेरॉइडं आणि तीव्र वेदनांवरची अफूवर्गातली औषधं यांनी आकडा उतरतो. ती स्वतःच्या मनानं बंद करायची नाहीत, फक्त कागदावर लिहायची. आणि जिममध्ये कोणी "पावर"चं इंजेक्शन दिलं असेल तर ते लपवू नका. बाहेरून टेस्टोस्टेरॉन घेतलं की शरीर स्वतःचं तयार करणं थांबवतं, शुक्राणूही घटतात, आणि हे पूर्ववत व्हायला महिनोन्‌महिने लागतात. अशा माणसानं लसणाचा प्रयोग करण्यात काहीच हशील नाही, त्याला थेट डॉक्टर हवा.

## टप्पा ४: लसणाआधी दोन सकाळी रक्त द्या

एकदा नाही, दोनदा. मध्ये आठ-दहा दिवस असू द्या. हे हार्मोन रोज तेच नसतं. पहिल्या तपासणीत कमी आलेल्या पुरुषांपैकी साधारण ३० टक्क्यांचा दुसऱ्या वेळचा आकडा नॉर्मल निघतो, हे डॉक्टरांच्या मार्गदर्शक सूचनांतच लिहिलेलं आहे. एका रिपोर्टवर स्वतःला रोगी ठरवू नका आणि एका रिपोर्टवर लसणाला श्रेयही देऊ नका.

चारही वेळा (आधीच्या दोन, नंतरच्या दोन) एकच लॅब ठेवा. निपाणीकरांना कोल्हापूर जवळ पडतं, बेळगावला काही काम निघालं की इकडं येतात, आणि एक रिपोर्ट तिकडचा, एक इकडचा असं होतं. मशीन वेगळं, पद्धत वेगळी, त्यामुळं आकडेही जुळत नाहीत. या काळात लसूण नेहमीइतकाच, म्हणजे घरच्या भाजी-चटणीत असतो तेवढाच. श्रावणात किंवा चातुर्मासात कांदा-लसूण सोडणाऱ्यांना बिनलसणाचा काळ आपोआप मिळतो. तुमच्या घरी ते पाळत असतील तर या दोन सकाळी त्यातच साधा.

फॉर्मवर "टोटल टेस्टोस्टेरॉन" लिहिलं आहे ना, ते बघा. "फ्री" टेस्टोस्टेरॉनची वेगळी तपासणी सुरुवातीला सगळ्यांना लागत नाही. ज्यांचं वजन बरंच जास्त आहे त्यांच्यात हार्मोन वाहून नेणारं प्रथिन, एसएचबीजी, कमी असतं, त्यामुळं टोटलचा आकडा कमी दिसतो. अशांना पुढं डॉक्टर ती सांगतात.

## टप्पा ५: रिपोर्ट वाचताना आधी एकक बघा

गेल्या वर्षी कडोलीकडचे एक गृहस्थ दोन कागद घेऊन आले. हात थरथरत होते. पहिल्यावर ३९८, दुसऱ्यावर ४.१. मधल्या काळात त्यांनी लसूण खाल्ला होता, आणि लसणानं आपलं सगळं संपवलं असं धरून ते तीन रात्री झोपले नव्हते. दोन कागद दोन लॅबचे होते. मी दोन्ही टेबलावर शेजारी-शेजारी ठेवले आणि आकड्यापुढची बारीक अक्षरं बोटानं दाखवली. एकावर नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटर, दुसऱ्यावर नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर. ४.१ ला शंभरानं गुणलं की ४१०. म्हणजे काहीच घडलं नव्हतं. ते बराच वेळ तसेच बसून राहिले, मग पाणी मागितलं.

हिशेब असा: ३०० नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटर म्हणजे ३ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर, आणि नॅनोमोलमध्ये साधारण १०.४ प्रति लिटर. तिन्ही एकच.

लठ्ठपणा नसलेल्या, १९ ते ३९ वयाच्या निरोगी पुरुषांत २६४ ते ९१६ नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटर ही मर्यादा आंतरराष्ट्रीय पातळीवर धरली जाते. अमेरिकेतल्या मूत्रविकार तज्ज्ञांची संघटना ३०० खाली कमी धरते. तुमच्या लॅबची मर्यादा थोडी वेगळी छापलेली असेल, तुलना तिच्याशी करा. आणि ३५० म्हणजे वाईट, ८०० म्हणजे वाघ असं काही नसतं. मर्यादेच्या आत असलेल्या दोन पुरुषांत आकड्यावरून ताकद मोजता येत नाही.

थांबा, इथं वाट फुटते: दोन्ही सकाळचे आकडे मर्यादेखाली असतील आणि तक्रारही असेल, तर लसणाचा प्रयोग इथंच सोडा. एलएच, एफएसएच, प्रोलॅक्टिन या पिट्यूटरी ग्रंथीच्या हार्मोनच्या तपासण्या लागतील. यातलं एलएच वृषणांना टेस्टोस्टेरॉन बनवायला सांगतं. एलएच वाढलेलं असेल तर दोष वृषणांत असतो. एलएच कमी किंवा नुसतं नॉर्मल असेल तर मेंदूच्या तळाशी असलेल्या या पिट्यूटरी ग्रंथीकडं बघावं लागतं. सोबत सतत डोकं दुखत असेल, बाजूचं दिसेनासं झालं असेल, छातीला सूज किंवा स्राव असेल तर त्याच आठवड्यात डॉक्टर गाठा. खासगी परवडत नसेल तर बेळगावच्या जिल्हा रुग्णालयाच्या ओपीडीत हेच दोन रिपोर्ट दाखवून सुरुवात करता येते.

## टप्पा ६: लसूण मोजा, ठेचा, थांबा

दोन्ही रिपोर्ट मर्यादेत असले आणि तरीही बघायचं असेल, तरच पुढं या.

जागतिक आरोग्य संघटनेच्या पुस्तिकेत ताज्या लसणाची दिवसाची मात्रा २ ते ५ ग्रॅम दिली आहे. "दोन पाकळ्या" म्हणून मोजू नका, कारण आपल्याकडं पाकळीचा नेम नाही. गावरान लसणाची बारीक पाकळी एखाद्या ग्रॅमची, तर मोठ्या गड्ड्याची एकच पाकळी चार-पाच ग्रॅमची भरते. सोललेल्या दहा पाकळ्या वाण्याच्या काट्यावर ठेवा, वजनाला दहानं भागा, मग तुमच्या घरच्या लसणाच्या किती पाकळ्या म्हणजे चार ग्रॅम ते कळेल. तेवढ्याच रोज.

आता करायची पद्धत. अख्ख्या पाकळीत अ‍ॅलिसिन नसतं. पाकळी फुटली की आतलं अ‍ॅलिइन आणि अ‍ॅलिइनेज नावाचं विकर एकत्र येतात आणि मग अ‍ॅलिसिन तयार होतं. तोच तो झणझणीत वास. उंदरांवरच्या जपानी प्रयोगात डायअलिल डायसल्फाइड नावाच्या ज्या गंधकयुक्त घटकानं पिट्यूटरीचं एलएच वाढलं, ते या अ‍ॅलिसिनपासूनच पुढं बनतं. म्हणून पाकळी खलबत्त्यात ठेचा किंवा विळीवर अगदी बारीक चिरा, वाटीत काढा आणि दहा मिनिटं तशीच ठेवा. त्यानंतर खा. शिजवायची असेल तरी ही दहा मिनिटं आधी द्या, म्हणजे काही भाग टिकतो. ठेचल्या ठेचल्या कढईत टाकली की विकर उष्णतेनं मरतं.

तीन चुका सतत दिसतात. पहिली, अख्खी पाकळी पाण्याबरोबर गोळीसारखी गिळणं. पोटातल्या आम्लात विकर निकामी होतं आणि अ‍ॅलिसिन फारसं बनतच नाही. पाकळी घशात अडकायची भीती वेगळीच. दुसरी, तुपात खरपूस तळलेला लसूण खाऊन "औषध घेतलं" समजणं. चवीला उत्तम, भाकरीबरोबर जरूर खा, पण या मोजणीत तो धरू नका. तिसरी, उपाशीपोटी खाणं. त्यानं हार्मोनला जास्त फायदा होतो असं काही नाही, जळजळ मात्र होते. जेवणाच्या मध्यावर, भाकरीच्या घासात किंवा दह्यात कालवून घ्या.

इशारा: तेलात किंवा मधात लसूण बुडवून बरणी महिनाभर फळीवर ठेवायची पद्धत तालमीतल्या पोरांत आहे. हवा न लागणाऱ्या अशा बरणीत बॉट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेचे जंतू वाढू शकतात, आणि त्यांच्या विषाला वास येत नाही, चवही नाही. रोजचा लसूण रोज ठेचा.

बाजारातल्या "लसूणयुक्त पुरुषशक्ती" पुड्या आणि कॅप्सूल या प्रयोगात बिलकुल नकोत. अशा मालात छापील यादीत नसलेलं सिल्डेनाफिल (व्हायग्रातलं ताठरतेचं औषध) मिसळलेलं असल्याचं औषध-नियंत्रकांना वेगवेगळ्या देशांत वेळोवेळी आढळलं आहे. फरक लगेच जाणवतो, त्यामुळं माणूस भुलतो. हृदयासाठी सॉर्बिट्रेटसारखी नायट्रेटची गोळी घेणाऱ्यानं असली पुडी खाल्ली तर बीपी एकदम कोसळून जीव जाऊ शकतो.

## टप्पा ७: आठ आठवडे बाकी काहीही बदलू नका

मी आठ आठवडे सांगतो, कारण एवढा काळ बहुतेकांना शिस्तीनं निभावता येतो. या काळात फक्त लसूण नवा. त्याच सुमाराला पहाटे पळायला जाणं, दारू सोडणं, बदाम-दूध, अश्वगंधा असं सगळं एकदम सुरू केलं तर कशानं काय झालं ते सांगता येणार नाही. दारू सोडायची असेल तर जरूर सोडा, मग लसणाचा प्रयोग दोन महिने पुढं ढकला. ते कधीही जास्त मोलाचं.

रविवारी सकाळी वजन करून कागदावर लिहा. वजन उतरलं की टेस्टोस्टेरॉन स्वतःहून वाढतं, आणि ते नोंदलं नाही तर श्रेय लसणाला जातं. झोपेचे तासही लिहा. गणपती, दिवाळी किंवा सुगी मध्ये येत असेल तर सुरुवातीची तारीख मागे-पुढे करा.

पोटात आग, सतत ढेकर, हिरड्यांतून रक्त, अंगावर विनाकारण निळे डाग असं काही दिसलं तर बंद करा आणि दाखवा.

## टप्पा ८: पुन्हा दोन सकाळी, आणि मग लसूण बंद करून एकदा

आठ आठवडे झाले की टप्पा ३ मधली सगळी तयारी जशीच्या तशी. तीच लॅब, तीच वेळ, दोन सकाळी, मध्ये आठ-दहा दिवस, लसूण चालूच.

आता सरासरी काढा. समजा आधीचे आकडे ४१२ आणि ४६८, सरासरी ४४०. नंतरचे ४५५ आणि ४२९, सरासरी ४४२. बदल नाही. नंतरची सरासरी ५१० आली तरी नाचू नका. आधीच्या दोन आकड्यांतच ५६ चा फरक लसणाशिवाय पडला होता, हे कागदावर तुमच्याच समोर आहे. एवढी वाढ रोजच्या चढउतारात बसते. घट दिसली तरी हाच नियम, घाबरायचं नाही.

खरोखर मोठी वाढ दिसली, आधीच्या दीडपट वगैरे, तर पहिल्यांदा वजन आणि झोपेची नोंद बघा, बायोटिन चालू होतं का ते आठवा. तिथं काही सापडलं नाही तर रोजचा मोजलेला लसूण चार आठवडे पूर्ण बंद करा, भाजी-चटणीतला नेहमीचा तेवढा ठेवा आणि पुन्हा एका सकाळी तपासा. आकडा वरच राहिला तर तो लसणानं चढलेला नव्हता. खाली आला तर निदान विचार करण्याजोगं काहीतरी आहे, तेव्हा सगळा कागद डॉक्टरांना दाखवा. ही शेवटची पायरी आजवर माझ्याकडं आलेल्यांपैकी फारच थोड्यांनी केली आहे. बहुतेक जण चांगला आकडा मिळाला की तिथंच थांबतात.

आकडा हलला नाही आणि तक्रार मात्र तशीच आहे, तर डॉक्टरांकडं जाताना हे न्या: टप्पा २ चा कागद, चारही रिपोर्ट (छायाप्रत चालेल, पण एकक दिसलं पाहिजे), एचबीए१सी, बीपीची नोंद, औषधांच्या चिठ्ठ्या. आत गेल्यावर "कमजोरी वाटते" म्हणू नका. "आठ महिन्यांपासून इच्छा कमी आहे, सकाळची ताठरता आठवड्यातून एखादवेळी येते, दोन महिने रोज चार ग्रॅम लसूण घेतला, फरक नाही" असं सरळ सांगा. आमच्याकडं कन्नड बोलणारे डॉक्टर असले की मराठी माणूस आणखीच आखडतो आणि निम्मं बोलतच नाही. तक्रार लिहिलेला कागद पुढं केला तरी चालतो. जमल्यास बायकोला बरोबर न्या, बाहेरच्या बाकावर बसवू नका, आत न्या.